वालचंद हिराचंद दोशी

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, इ.स. १८८२ – ८ एप्रिल, इ.स. १९५३) हे सोलापूर येथे जन्मलेले भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमान आणि मोटार या पाच क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. भारतीय जहाजवाहतुकीचे प्रणेते म्हणून त्यांचा उल्लेख नेहमी केला जातो. त्यांच्या मोटार कारखान्याची माहिती मात्र त्या मानाने थोडी सांगितली जाते. अमेरिकेतील मोटार कंपन्या मंदीतून सावरत असताना त्यांच्याकडून तंत्रज्ञान मिळवण्याचा वालचंदांनी केलेला प्रयत्न आणि त्यातून मुंबईत कुर्ला येथे उभी राहिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी हा त्यांच्या चरित्राचा महत्त्वाचा भाग आहे. त्यामुळे या लेखात त्याचा विस्ताराने विचार केला आहे.

बालपण व शिक्षण

वालचंदांचे घराणे मूळचे गुजराती, दिगंबर जैन; सोलापुरात स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईचे निधन झाले. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. १८९९ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. परंतु पदवी पूर्ण न करताच ते व्यवसायात उतरले.

घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे या भागीदारीचे पहिले मोठे काम होय. सावकारी पेढीच्या मुलाने मातीकामाचा ठेका घ्यावा, ही त्या काळच्या सोलापुरात नवलाची गोष्ट होती. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या माध्यमातून भोर घाटातील बोगद्यांची कामे झाली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या बांधकाम कंपनीतून आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी वाढली.

सिंदिया कंपनी व पहिल्या महायुद्धानंतरची मंदी

१९१९ मध्ये वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कंपनीची स्थापना युद्धानंतरच्या तेजीत झाली. त्या वेळी जहाजांच्या किमती व मालवाहतुकीचे दर दोन्ही चढे होते. पुढच्या दोन वर्षांत जगभर दर कोसळले आणि तेजीच्या भावात घेतलेली जहाजे ओझे ठरू लागली. त्याच वेळी लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने दर आणखी खाली आणून स्पर्धा सुरू केली. १९२३ मध्ये सिंदियाने तडजोडीचा करार केला. त्यात कंपनीच्या वाढीवर कडक मर्यादा होत्या. कंपनी टिकली, पण तिचे हातपाय बांधले गेले. आपल्याकडे सरकारी संरक्षण नसेल, तर मंदीच्या काळात परकीय स्पर्धक तोटा सोसूनही आपल्याला बाजारातून उठवू शकतो, हा धडा वालचंदांना येथे मिळाला. त्यांच्या मोटार प्रकल्पाच्या प्रत्येक टप्प्यावर या अनुभवाची छाया दिसते. १९२९ ते १९५० या काळात ते सिंदियाचे अध्यक्ष होते.

तीसच्या दशकात त्यांनी शेती व साखर उद्योगाकडे लक्ष वळवले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाने उभे राहिले. कळंबच्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षक शुल्काचा आधार दिला होता, हे या यशामागील एक कारण होते. मोटार उद्योगाला असा आधार मिळण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

भारतातील मोटारींचे जुळणी कारखाने

वालचंदांनी मोटार कारखान्याचा विचार सुरू केला, तेव्हा भारतात मोटारी तयार होत नव्हत्या. फक्त जुळवल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. फोर्डनेही मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे अशीच व्यवस्था केली. इंजिन, गिअरपेटी, सांगाडा, पत्रे असे सर्व भाग पेट्यांत भरून बोटीने येत. येथे ते जोडायचे, रंग द्यायचा, टायर व बॅटरी बसवायची आणि गाडी विक्रीस काढायची, एवढेच काम होते. सुट्या भागांच्या पेट्या जहाजात कमी जागा व्यापत, त्यामुळे भाडे वाचे. तयार गाडीपेक्षा आयात शुल्कही कमी पडे. अमेरिकी कंपनीच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. भारतात कुशल कामगार तयार होत, पण ओतकाम, घडाई, यंत्रावरील कातकाम यांपैकी काहीही येथे होत नसे. टायर मात्र १९३६ पासून हुगळीकाठच्या साहागंज येथील डनलॉपच्या कारखान्यात बनू लागले.

अमेरिकेतील परिस्थिती याच काळात बिघडली. १९२९ मध्ये तेथे मोटारी व ट्रक मिळून ५० लाखांहून अधिक वाहने तयार झाली होती. १९३२ मध्ये हा आकडा सुमारे १३ लाखांवर आला. अनेक लहान कंपन्या बंद पडल्या. जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तीन मोठ्या कंपन्या उरल्या आणि त्यांतही क्रायस्लरने स्वस्त प्लिमथ गाडीच्या बळावर फोर्डला मागे टाकले. १९३७ पर्यंत उत्पादन पुन्हा ४८ लाखांच्या घरात पोहोचले. परंतु लगेच दुसरी मंदी आली आणि १९३८ मध्ये ते जवळजवळ निम्म्यावर घसरले.

अशा वेळी एखादा ग्राहक देश स्वतःचा कारखाना काढण्यासाठी मदत मागू लागला, तर कंपनीपुढे दोन विचार येतात. मायदेशातील यंत्रे रिकामी असल्याने सुट्या भागांची प्रत्येक पेटी मोलाची वाटते, म्हणून मदत नाकारावी. किंवा आपला तेथे फारसा जम नाही, तर स्वामित्वधन तरी मिळेल, म्हणून मदत द्यावी. वालचंदांना या दोन्ही प्रकारची उत्तरे मिळाली.

विश्वेश्वरय्या यांची योजना

भारतात मोटार कारखाना काढण्याची पहिली तपशीलवार योजना म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केली. १९३५ मध्ये त्यांनी युरोप व अमेरिकेचा दौरा करून डेट्रॉइटचे कारखाने पाहिले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीपार होते. परतल्यावर त्यांनी मुंबईत उद्योगपतींपुढे योजना मांडली आणि वालचंद तिचे प्रमुख पुरस्कर्ते बनले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले; अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते. या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली. नव्या कारखान्याच्या भांडवलावर काही वर्षे ठरावीक व्याजाची हमी प्रांतिक सरकारने द्यावी, असा विचार होता. मंदीत पोळलेले भांडवलदार अशा हमीशिवाय नव्या धंद्यात पैसा घालण्यास धजावत नव्हते. मात्र आयात शुल्क आणि लष्करी खरेदी हे दोन्ही विषय दिल्लीच्या अखत्यारीत होते. भारत सरकारने संरक्षणाचे कोणतेही आश्वासन दिले नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई सरकारचा पाठिंबाही संपला.

म्हैसूर संस्थानानेही या योजनेत रस घेतला होता. कारखाना बंगळूरला काढावा असाही विचार पुढे आला. ब्रिटिश सत्तेच्या प्रतिकूलतेमुळे तो मार्गही बंद झाला.

अमेरिका दौरा (१९३९)

१९३९ मध्ये वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. तिन्ही मोठ्या कंपन्यांशी त्यांनी बोलणी केली. मागणी सर्वांपुढे एकच होती: गाडीचे आराखडे, यंत्रसामग्रीची निवड, भारतीय तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि टप्प्याटप्प्याने सर्व भाग भारतात बनवण्याचा हक्क. कंपनीची मालकी व नियंत्रण भारतीयांकडे राहावे, हा त्यांचा आग्रह होता.

फोर्डच्या डिअरबॉर्न येथील कार्यालयात त्यांचे स्वागत चांगले झाले. परंतु भारतातील फोर्डचा व्यवहार कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होता. ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक बाजारपेठा त्याच कंपनीच्या वाट्याला होत्या. साम्राज्यांतर्गत सवलतीच्या शुल्कावर तिचा धंदा चाले आणि भारतात बनलेल्या गाडीमुळे तिचे ग्राहक कमी झाले असते. बोलणी निष्फळ ठरली. जनरल मोटर्सनेही नकार दिला. शिवडीचा कारखाना सुरू असताना भारतीय प्रतिस्पर्ध्याला तंत्रज्ञान देण्यात तिला स्वारस्य नव्हते.

उरली क्रायस्लर. डॉज, डिसोटो, प्लिमथ व फार्गो या नावांची वाहने बनवणाऱ्या या कंपनीचा भारतात फोर्ड किंवा जनरल मोटर्ससारखा स्वतःचा जुळणी कारखाना नव्हता. गमावण्यासारखे फारसे नसल्याने तिने तांत्रिक साहाय्य देण्याचे मान्य केले आणि १९४० मध्ये करार झाला. वालचंदांच्या काही चरित्रलेखनात या कराराचे सर्व श्रेय त्यांच्या वाटाघाटीच्या कौशल्याला दिले जाते. कौशल्य होतेच, पण क्रायस्लरचा स्वतःचा हिशेबही त्यांच्या बाजूने होता, हे नोंदवले पाहिजे.

याच प्रवासात, अमेरिकेहून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवत होते. त्या भेटीतून विमान कारखान्याची कल्पना निघाली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत स्थापन झाली. युद्धामुळे सरकारला विमानांच्या दुरुस्तीची निकड होती. म्हणून या कारखान्याला वर्षभराच्या आत मंजुरी व कामे मिळाली. १९४२ मध्ये सरकारने कंपनीची सूत्रे स्वतःकडे घेतली. हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही आजची सार्वजनिक कंपनी तिच्यातूनच आली आहे.

युद्धकाळातील अडवणूक

विमान कारखान्याला जे मिळाले, ते मोटार कारखान्याला मिळाले नाही. मोटार उद्योगास युद्धोपयोगी उद्योग म्हणून मान्यता द्यावी, म्हणजे यंत्रे आणण्यासाठी डॉलर व जहाजात जागा मिळेल, अशी वालचंदांची मागणी होती. भारत सरकारने ती फेटाळली. नवा कारखाना उभा राहीपर्यंत युद्ध संपेल आणि तोवर यंत्रे व जहाजे अडकून पडतील, असा सरकारी पक्ष होता. सैन्याला लागणारे ट्रक कॅनडा व अमेरिकेतून सुट्या भागांच्या रूपात येत राहिले आणि फोर्ड व जनरल मोटर्सच्या भारतातील कारखान्यांत जोडले गेले. मंदीत मरगळलेल्या या कारखान्यांना युद्धाने भरपूर काम दिले. सरकारचा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येत नाही. मात्र त्याच काळात ऑस्ट्रेलिया व कॅनडा या वसाहतींना ज्या सवलती होत्या, त्या भारताला नाकारल्या गेल्याची टीका भारतीय उद्योजकांनी केली.

दरम्यान बिर्ला घराण्याने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली. भांडवल उभारण्यासाठी १९४३ पासून सरकारी परवानगी आवश्यक झाली होती. ती मिळाल्यावर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. विश्वेश्वरय्यांच्या योजनेपासून कंपनीच्या नोंदणीपर्यंत जवळजवळ नऊ वर्षे गेली होती.

विशाखापट्टणमचे जहाजबांधणी केंद्रही याच काळातले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 'जलउषा' या जहाजाचे जलावतरण झाले.

कुर्ल्याचा कारखाना

मार्च १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. सुरुवातीला येथेही क्रायस्लरचे सुटे भाग आणून जुळणीच होत असे. ज्या पद्धतीवर वालचंदांनी टीका केली होती, तीच त्यांना पहिली पायरी म्हणून स्वीकारावी लागली. फरक उद्देशात होता: प्रीमियरला दरवर्षी काही भाग येथे बनवत आयात कमी करायची होती.

पण बाजारपेठ फार लहान होती. फाळणीमुळे तिचा काही भाग तुटला. युद्धानंतर सैन्याची जुनी वाहने लिलावात स्वस्त मिळू लागली. आणि देशाची वर्षाची एकूण मागणी काही हजारांच्या घरात असताना प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, फोर्ड, जनरल मोटर्स आणि इतर जुळणी कंपन्या तिच्यावर अवलंबून होत्या. मोटारीचा एखादा पत्रा ठोकण्याच्या साच्याचा खर्च लाखो गाड्यांवर विभागला गेला, तरच परवडतो. १९४९ साली अमेरिकेत ६० लाखांहून अधिक वाहने तयार झाली. कुर्ल्यात मात्र एकाच साच्यातून निघणाऱ्या भागांची संख्या शेकड्यांत वा फार तर हजारांत मोजावी लागे. त्यामुळे येथे बनवलेला भाग आयात केलेल्या भागापेक्षा महाग पडे आणि स्वदेशीकरणाचे प्रत्येक पाऊल कंपनीला खर्चात टाकी.

सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले. एका डॉलरला ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास असलेला दर ४ रुपये ७६ पैशांपर्यंत गेला. क्रायस्लरचे सर्व भाग डॉलरमध्ये घ्यावे लागत. एका रात्रीत त्यांची रुपयांतील किंमत ४० टक्क्यांहून अधिक वाढली. त्यातच डॉलरच्या टंचाईमुळे सरकारने अमेरिकी आयातीवर कडक निर्बंध घातले. मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकी गाड्यांवर बेतलेली प्रीमियरची योजना अडचणीत आली. लहान युरोपीय गाडीकडे वळण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. कंपनीने इटलीच्या फियाटशी सहकार्य केले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस लहान फियाट गाड्या कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या. ट्रकसाठी क्रायस्लरचे सहकार्य पुढेही चालू राहिले.

आजारपण व मृत्यू

या घडामोडींच्या ऐन भरात, १९४९ मध्ये, वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते सक्रिय कारभारातून निवृत्त झाले. उद्योगसमूहाची धुरा गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंकडे गेली. प्रीमियरचा कारभार लालचंद यांच्या शाखेने पुढे पाहिला. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

जकात आयोगाचा निर्णय व नंतर

मोटार उद्योगाविषयी जकात आयोगाचा अहवाल १९५३ सालचाच आहे. ज्या कंपन्यांकडे भारतात भाग बनवण्याचा निश्चित कार्यक्रम असेल, त्यांनाच येथे काम करू द्यावे, अशी शिफारस आयोगाने केली आणि सरकारने ती स्वीकारली. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी कारखाने उभारण्याची जनरल मोटर्स व फोर्ड यांची तयारी नव्हती. दोन्ही कंपन्यांनी जुळणीचे काम थांबवले. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. १९३९ मध्ये वालचंदांना नकार देणाऱ्या दोन कंपन्या अशा रीतीने भारतातून गेल्या आणि त्यांच्या कारखान्यांतील कामगारांना नव्या नोकऱ्या शोधाव्या लागल्या. या बाजूचा उल्लेख स्वदेशी उद्योगाच्या इतिहासात क्वचितच होतो. जनरल मोटर्स व फोर्ड पुन्हा भारतात आल्या, त्या १९९० च्या दशकात.

संरक्षणाच्या भिंतीआड प्रीमियरला पुढची तीन दशके स्थैर्य लाभले. फियाट ११०० ही गाडी येथे बनू लागली. १९७० च्या दशकात तिच्याच पुढच्या रूपाला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वपरिचित झाली. याच संरक्षणामुळे गाडीत सुधारणा करण्याची निकड कंपनीला भासली नाही, असा आक्षेपही घेतला जातो आणि तो निराधार नाही. १९८० च्या दशकात मारुती बाजारात आल्यावर पद्मिनीची मागणी घटत गेली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

संस्था व स्मृती

वालचंद १९२७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे संस्थापक होते. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी १९३२-३३ मध्ये भूषविले. सांगली येथे १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. सोलापुरातही त्यांच्या नावाचे तंत्रशिक्षण महाविद्यालय आहे. गंगाधर देवराव खानोलकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.